खोक्यावर नाव नसलेल्या इसमास

महाशय,

पत्राच्या आरंभी 'सप्रेम नमस्कार, विनंती विशेष' लिहिण्याची आपल्याकडे रीत आहे. तुम्हाला लिहिताना त्यातला सप्रेम नमस्कार बाद. विनंतीही बाद. उरलं विशेष, आणि ते भरपूर आहे.

पत्र जाहीर लिहावं लागतंय ते तुमच्यामुळेच. 'फोर के अल्ट्रा एचडी टीव्ही गेम, १०,००० गेम्स, २ प्लेअर' असं छापलेलं तुमचं खोकं मी चष्मा लावून सहाही बाजूंनी वाचलं. ड्रॅगन दिसला, तलवार उगारलेला योद्धा दिसला, धूर सोडणारी मोटार दिसली. बनवणाऱ्याचं नाव कुठेही दिसलं नाही. आयात करणाऱ्याचं नाही, पत्ता नाही, तक्रारीचा फोन नंबर नाही, कोणत्या देशात आणि कोणत्या महिन्यात बनलं तेही नाही. दहा हजार गेम दिल्याचं ठासून सांगणाऱ्या माणसाला स्वतःचं एक नाव सांगायची हिंमत झाली नाही. मग पत्र टाकायचं कुठल्या पेटीत? म्हणून चारचौघांसमोर बोलते.

दुकानदाराला जाब विचारला. "काकू, आम्ही पॅक पीस विकतो, मागून आलं तसं दिलं," म्हणून त्याने हात झटकले. त्याचा हिशेब वेगळा होईल. हे पत्र मागून पाठवणाऱ्याला, खोकं भरणाऱ्याला, म्हणजे तुम्हाला.

ठाणे, डोंबिवली, कल्याण या पट्ट्यातलं घर कसं चालतं याची तुम्हाला कल्पना असणार, कारण तुमचा माल इथे अचूक पोचतो. मुलगा आणि सून सकाळची फास्ट पकडून मुंबई गाठतात आणि परत दारात चपला काढतात तेव्हा रात्रीचे आठ वाजून गेलेले असतात. मधला सगळा दिवस आजी-आजोबांचा आणि नातवंडांचा. शाळेची व्हॅन येते, जेवण होतं, गृहपाठ उरकतो, आणि मग समोर उभी राहते ती लांबलचक दुपार. उन्हात खाली पाठवता येत नाही. सोसायटीच्या आवारात गाड्या लागलेल्या. आमच्या डोंबिवलीत नेहरू मैदान किंवा भागशाळा मैदान गाठायचं तर रिक्षा-दुचाक्यांच्या गर्दीतून एका हाताने मुलाला आणि दुसऱ्याने स्वतःला सांभाळत जायचं. मग मूल मोबाइल मागतं. मोबाइल दिला की ते सोफ्याच्या टोकाला मान घालून बसतं. घर एक, माणसं दोन, आणि दोघांची दुपार वेगवेगळी.

आम्ही पत्ते खेळतो. बदाम सात होतं, पाच-तीन-दोन होतं, कॅरमही निघतो. पण त्या प्रत्येक खेळात मला येतं आणि नातीला शिकायचं असतं. आठ वर्षांचं मूल दिवसभर कुणा ना कुणा जाणत्याच्या हाताखाली असतं: वर्गात बाई, घरी आई, उरलेल्या वेळात आजी. टीव्हीवरच्या गेममध्ये हे सगळं उलटं होतं. तिथे नात जाणती आणि आजी अडाणी. "आजी, आधी पळ, मग उडी मार", "आजी, अगं उजवीकडे", असं ती सांगते आणि मला ऐकावं लागतं. मोठ्या माणसाला न चिडता पुन्हा पुन्हा समजावून सांगण्याची संधी लहान मुलाला आपल्या घरांत दुसरीकडे कुठे मिळते? त्यासाठी मला गेमचं यंत्र हवं होतं. नातीला गप्प बसवायला नको होतं. तिच्या शेजारी बसता यावं म्हणून हवं होतं.

ही हौस काही जगावेगळी नाही. जपानच्या हामाको मोरी यांचा जन्म १९३०चा. वयाच्या नव्वदीत, २०२० साली, जगातल्या सर्वांत वयस्क गेमिंग यूट्यूबर म्हणून गिनीजने त्यांची नोंद केली. निन्टेंडो या कंपनीने २००६मध्ये 'वी' नावाचं गेमचं यंत्र आणलं, तेव्हा हात फिरवून खेळायचा त्यातला बोलिंगचा खेळ परदेशातल्या वृद्धाश्रमांत स्पर्धा भरवण्याइतका लोकांनी आपलासा केला. म्हातारपण आणि व्हिडिओ गेम यांचं वैर नाही. वैर तुम्ही लावून दिलंत. कसं ते एकेक सांगते.

पहिला आरोप, 'फोर के'चा. तुमच्या यंत्रातले बहुतेक खेळ निन्टेंडोच्या त्या जुन्या यंत्राचे आहेत जे १९८३ साली जपानमध्ये विक्रीला आलं. त्याचं चित्र २५६ बाय २४० ठिपक्यांचं, म्हणजे एकूण ६१,४४० ठिपके. फोर के पडद्यावर ३,८४० बाय २,१६०, म्हणजे ८२,९४,४०० ठिपके असतात. भागाकार करा, बरोबर १३५ येतात. तुम्ही जुन्या चित्रातला एक ठिपका घेऊन एकशे पस्तीस ठिपक्यांच्या जागेवर पसरलात आणि त्याला 'अल्ट्रा एचडी' म्हणालात. चित्र जुनं आहे याची मला तक्रार नाही. त्यातल्या एका खेळाचा नायक, चौकोनी ठिपक्यांचा मारिओ, नातीला गोड वाटला. तक्रार खोटं बोलल्याची आहे. 'जुने खेळ, जुनं चित्र' असं सरळ छापलं असतंत तरी मी घेतलं असतं.

दुसरा आरोप, दहा हजारांचा. नातीने हौसेने वही घेऊन यादी करायला सुरुवात केली आणि दुसऱ्याच पानावर तिचा चेहरा उतरला. पहिल्या पानावरचा मारिओच पुढे वेगळ्या नावाने हजर होता. कुठे टोपीचा रंग बदललेला, कुठे तोच खेळ मधल्याच लेव्हलपासून सुरू होणारा. मूळ सुपर मारिओ ब्रदर्समध्ये आठ जगं आणि प्रत्येकात चार, अशा ३२ लेव्हल आहेत. तुम्ही त्या सुट्या करून वेगवेगळे गेम म्हणून मोजल्यात. कितीतरी नावांवर बटण दाबलं की पडदा काळा होतो आणि यंत्र बंद करून पुन्हा चालू करावं लागतं. खोक्यावर '६४ जीबी मेमरी' म्हणूनही मिरवलंय. १९८५चा तो मूळ मारिओ अवघ्या ४० केबीत मावतो. रोज सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर येणारा 'शुभ सकाळ'चा फोटोही त्याहून जड असतो. आणि आजीला आणि नातीला दहा हजार गेम हवेत कशाला? चांगले पाच पुरतात.

तिसरा आरोप सर्वांत मोठा. त्याच्यासाठीच हे पत्र लिहायला बसले.

नातीने मला शिकवायला घेतलं. मारिओच्या पहिल्याच लेव्हलमध्ये थोडं पुढे गेलं की जमिनीत खड्डा येतो. धावत यायचं, काठाशी बटण दाबायचं, उडी मारून पलीकडे जायचं. मी काठाशी आले, बटण दाबलं, आणि मारिओ सरळ खड्ड्यात गेला. पुन्हा आले, पुन्हा पडला. "आजी, तू उशिरा दाबतेस." मी आधी दाबायला लागले, तर कधी उडी फार आधी पडायची, कधी पडायचीच नाही. नात आधी हसली, मग समजावलं, मग गप्प झाली. शेवटी अगदी हळू आवाजात म्हणाली, "आजी, राहू दे. तुझे हात आता हळू झालेत ना? मी खेळते, तू बघ."

ती रागावली नव्हती. तिला माझी दया आली होती. आठ वर्षांच्या मुलीने त्या दुपारी मनात नोंद केली की आजीला आता जमत नाही.

रात्री मुलगा आला. तो नव्वदच्या दशकात डोंबिवलीत वाढलेला. त्या काळी पुष्कळ घरांत 'समुराई', 'लिटल मास्टर', 'टर्मिनेटर' अशा नावांची यंत्रं असायची, आणि ज्यांच्याकडे नसायची ती मुलं गल्लीतल्या पार्लरमध्ये तासावर पैसे देऊन खेळायची. पिवळी कॅसेट काढायची, तोंडापाशी धरून फुंकर मारायची, परत दाबून बसवायची, की मारिओ सुरू. तो खेळ माझ्या मुलाच्या बोटांत अजून आहे. त्याने कंट्रोलर घेतला, धावत आला, बटण दाबलं, आणि तोही त्याच खड्ड्यात पडला. पुन्हा पडला. मग त्याने नातीच्या हाती मोबाइल दिला आणि एकाच चौकटीत त्याचा अंगठा आणि टीव्हीचा पडदा दिसेल असं स्लो मोशनमध्ये चित्रण करायला सांगितलं. ते आम्ही तिघांनी पाहिलं. अंगठा बटणावर पूर्ण दाबला गेलाय, आणि मारिओ अजून धावतोच आहे. अंगठा उचलला, तेव्हा कुठे त्याचे पाय जमिनीवरून सुटले.

मुलाने टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन गेम मोड लावला. चित्र सुबक करण्यासाठी टीव्ही स्वतःचा जो वेळ खातो, तो त्याने कमी होतो. थोडा फरक पडला, खड्डा मात्र तसाच राहिला, कारण उशीर तुमच्या स्वस्तातल्या वायरलेस कंट्रोलरमध्ये आणि यंत्राच्या आत होता. दुसरा कंट्रोलर जोडला तर तोही पहिल्याच मारिओला हलवायला लागला. 'दोन प्लेअर' म्हणजे एकाच मारिओला दोघांनी दोन दिशांना ओढायचं, असा तुमचा अर्थ आहे का?

महाशय, अडीच हजार रुपये गेले त्याचं मी सोसेन. पण दोष यंत्राचा असताना नातीच्या नजरेत तो माझ्या हातांचा ठरला, हे सोसणार नाही. माझ्या मुलाला जुना मारिओ येत होता म्हणून आमच्या घरी खरं-खोटं झालं. ज्या घरी तसं कुणी नसेल, तिथे आजोबा कंट्रोलर खाली ठेवून "आपल्याला नाही बुवा जमत" म्हणत बाल्कनीत जाऊन बसले असतील, आणि नातवाने पुन्हा मोबाइल उचलला असेल. अशी किती घरं तुम्ही केलीत, याचा हिशेब तुमच्या कुठल्या वहीत आहे?

चौथा आरोप बंदुकीचा. माझी बहीण ठाण्याला नौपाड्यात असते. तिला विकलेल्या खोक्यात डक हंट, म्हणजे बदकं टिपायचा खेळ, खेळायची बंदूक होती. १९८४च्या त्या खेळात चाप ओढला की पडदा क्षणभर काळा व्हायचा, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटायचा, आणि बंदुकीच्या नळीतला प्रकाश ओळखणारा भाग तो चौकोन टिपायचा. हे सगळं जुन्या काचेच्या ट्यूबच्या टीव्हीच्या वेगावर बेतलेलं. आजच्या सपाट एलसीडी, एलईडी पडद्यावर चित्र किंचित उशिरा आणि वेगळ्या पद्धतीने उमटतं, त्यामुळे ती बंदूक तिथे चालत नाही, चालणारही नाही. ट्यूबचे टीव्ही भंगारात जाऊन वर्षं लोटली, हे तुम्हाला माहीत आहे. तरी बंदूक खोक्यात घातलीत, वर चित्रही छापलंत. बहिणीच्या नातवाने टीव्हीला नळी टेकवून चाप ओढून पाहिला, आणि सगळी बदकं खुशाल उडून गेली.

कल्याणला आमच्या विहीणबाईंकडेही असंच खोकं निघालं. तिन्ही खोकी शेजारी ठेवली तेव्हा कळलं: तोच ड्रॅगन, तोच योद्धा, तीच मोटार, फक्त वरची इंग्रजी नावं तीन. तिन्ही नावं बाजारात कधी कुणी ऐकलेली नाहीत. चोरीचा मामला आणि हळूहळू बोंबला, ही म्हण तुम्हाला लागू पडत नाही. तुम्ही रंगीत अक्षरांत बोंबलता. आतले खेळ निन्टेंडो, नामको, कोनामी या कंपन्यांचे. त्यांची परवानगी तुमच्याकडे असती तर ती तुम्ही ड्रॅगनपेक्षा मोठी छापली असतीत. कॉपीराइट कायदा १९५७चा आहे, आणि जाणूनबुजून असा भंग करणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड सांगितलेला आहे.

तुम्हाला रान मोकळं का मिळालं, तेही सांगते. सोनीचा प्लेस्टेशन ५ भारतात २ फेब्रुवारी २०२१ला आला तो डिस्कवाला ४९,९९० रुपयांना आणि बिनडिस्कचा ३९,९९० रुपयांना. पेन्शनीत हे कठीणच. वर खोक्यात कंट्रोलर एकच. दुसरा घ्यायचा तर त्या वेळी ५,९९० रुपये आणखी. मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स सिरीज एस नोव्हेंबर २०२०मध्ये ३४,९९० रुपयांना आला, त्यातही कंट्रोलर एकच. लहान मुलांसाठी ज्याचं नाव आधी निघतं तो निन्टेंडोचा स्विच मार्च २०१७मध्ये जगात आला, पण ती कंपनी तो आपल्या देशात अधिकृतपणे विकत नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात तो मिळतो, पण बाहेरून आणलेला. वॉरंटी दुकानदाराच्या शब्दाइतकी. आजी-आजोबांना परवडेल असं आणि नीट विकलेलं यंत्र या दोन टोकांच्या मधे नाही. त्या रिकाम्या जागेत तुम्ही शिरलात. तिथे साधं, खरं, दोन तारेच्या कंट्रोलरचं यंत्र विकलं असतंत तर या तिन्ही शहरांतल्या आज्यांनी तुम्हाला दुवा दिला असता. ते बनवायला काही फार मोठी विद्या लागत नाही. दानत लागते.

माझे हात हळू झालेत का, याचा निकालही लागला. बहिणीच्या मुलाने पुढे स्विच घेतला. त्याच्या दोन्ही कडांना दोन छोटे कंट्रोलर असतात. ते काढून एक नातवंडाच्या हातात आणि एक आपल्या हातात आडवा धरला की एकाच खोक्यात दोघांची सोय होते. त्यावर आम्ही मारिओ कार्ट ८ डिलक्स लावलं. त्यात गाडी रस्त्याबाहेर जाऊ लागली तर आपोआप सावरून घेणारी मदत असते, ज्येष्ठांनी आणि अगदी लहानांनी सुरुवात तिच्या आधारानेच करावी. ती मदत चालू असली की गाडीच्या मागे एक छोटी अँटेना दिसते. मी अँटेना लावून खेळत होते, शेवटून पहिली येत होते, आणि खुशीत होते. थोड्या वेळाने माझी नात वळून म्हणाली, "आजी, तुला आता येतंय. तुझी अँटेना काढू या." तिने स्वतः ती मदत बंद केली. मी पहिल्याच वळणावर गवतात गेले, पण बटण दाबताक्षणी गाडी वळत होती, आणि चूक माझीच होती. अशा चुकीतून माणूस शिकतो. तुमच्या यंत्रावर शिकायला जागाच नव्हती.

आता जे तुम्ही खोक्यावर छापायला हवं होतं, ते मीच सांगते, म्हणजे वाचणाऱ्या आजी-आजोबांच्या उपयोगी पडेल.

नातवंडाबरोबर खेळायचं तर पहिली चौकशी कंट्रोलरची. खोक्यात किती आहेत, दुसऱ्याची किंमत काय, आणि दोन्ही एकाच वेळी वेगवेगळ्या खेळाडूंना हलवतात का? दुकानातच टीव्हीला लावून दोघांनी हातात घ्या. बटण दाबलं आणि पडद्यावर लगेच हललं तर पुढे बोला. दाबल्यावर वाट बघावी लागली तर पैसे पाकिटातच राहू द्या.

दुसरी चौकशी खेळाची. एकाच घरात, एकाच पडद्यावर दोघांना खेळता येतं का, हे विचारा. आजकालचे पुष्कळ मोठे गेम 'मल्टीप्लेअर' म्हणतात तेव्हा त्यांना इंटरनेटवरून परक्यांशी खेळणं अभिप्रेत असतं, आणि प्लेस्टेशन-एक्सबॉक्सवर त्यातल्या बऱ्याच खेळांना त्याची वेगळी वर्गणी पडते. शेजारी बसून खेळायचं तर ओव्हरकुक्ड आहे: २०१६चा खेळ, चौघांपर्यंत एकाच स्वयंपाकघरात भाज्या चिरायच्या, शिजवायच्या, वाढायच्या. आज्यांना हा खेळ शिकवावा लागत नाही, बटणं तेवढी दाखवावी लागतात. जुन्यांतला बॅटल सिटी आहे, १९८५चा, ज्याला आपली मुलं 'टँक' म्हणायची. दोघांनी मिळून विटांच्या मागचा गरुड राखायचा. त्यात एक जण शत्रूवर जातो आणि दुसरा घर सांभाळतो. नात कोणतं काम घेईल आणि आजी कोणतं, हे सांगायला नको. मूळ मारिओ मात्र या कामाचा नाही. त्यात दोघं असले तरी पाळीपाळीने खेळतात. नात मरेपर्यंत आजीने बघत बसायचं, आणि नात चांगली खेळत असेल तर आजीची पाळी चहाच्या वेळेपर्यंत येत नाही.

तिसरी चौकशी वयाच्या खुणेची. पुष्कळ परदेशी गेमच्या वेष्टनावर ३, ७, १२, १६, १८ असे आकडे छापलेले असतात. ते वाचल्याशिवाय मुलाच्या हाती गेम देऊ नये. तुमच्या यंत्रात, महाशय, बंदुका आणि रक्त असलेले खेळ लहान मुलांच्या खेळांच्या मधेच पेरलेले आहेत, आणि खूण एकावरही नाही.

चौथी चौकशी सरकारी खुणेची, आणि इथे तुमची पळवाट संपते. इलेक्ट्रॉनिक वस्तूंची सक्तीची नोंदणी ठरवणारा जो आदेश २०१२ साली निघाला, त्याच्या पहिल्याच यादीत इलेक्ट्रॉनिक व्हिडिओ गेम होते, आणि ती सक्ती आजही आहे. भारतीय मानक ब्युरोची खूण आणि 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक वस्तूवर हवाच. विजेच्या धोक्यापासून मूल सुरक्षित राहावं, यासाठी तो नियम आहे. 'बीआयएस केअर' या मोबाइल अ‍ॅपवर तो क्रमांक टाकला की कुणाच्या नावावर आहे ते घरबसल्या कळतं. वेष्टनावर उत्पादकाचं किंवा आयातदाराचं नाव-पत्ता, कोणत्या देशात बनलं ते, महिना-वर्ष, कमाल किंमत आणि तक्रारीचा संपर्क छापणं हे आवेष्टित वस्तूंच्या २०११च्या नियमांनी बंधनकारक केलेलं आहे. तुमच्या खोक्यावर यातलं काही नाही, म्हणजे ते खोकं दुकानाच्या फळीवर असायलाच नको होतं.

आमची पिढी या बाबतीत कच्ची नाही. १९७५ साली सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने आमच्यासारख्या कुटुंबांना संघ करून महिन्याचं सामान एकत्र घ्यायला शिकवलं आणि वजन, किंमत, तारीख बघितल्याशिवाय पिशवीत काही न टाकायची सवय लावली. ग्राहक संरक्षण कायदा २०१९चा आहे, २० जुलै २०२०पासून लागू आहे. बिल न देणं ही त्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा. बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर ती ३० दिवसांची धरतात. 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी कायद्यापुढे टिकत नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण उत्पादकाला १० लाख रुपयांपर्यंत दंड करू शकतं, पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत. १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार सांगता येते. जिल्हा आयोगात ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क पडत नाही, आणि ग्राहक जिथे राहतो तिथल्या आयोगाकडे जाता येतं. डोंबिवली, कल्याण आणि ठाण्याच्या आज्यांना त्यासाठी ठाण्याच्या पलीकडे जावं लागणार नाही.

तेव्हा तुम्ही करायचं ते असं. खोक्यावर स्वतःचं नाव, पत्ता आणि नोंदणी क्रमांक छापा. जितके वेगळे गेम असतील तितकाच आकडा लिहा, पन्नास असतील तर पन्नास. 'फोर के' खोडा. बंदूक काढा. तारेचे दोन कंट्रोलर द्या, जे दाबताक्षणी आणि आपापल्या खेळाडूला हलवतील. एवढं करून किंमत पाचशे रुपयांनी वाढवलीत तरी चालेल, आम्ही देऊ. आणि हे करायचं नसेल, तर हा धंदा बंद करा. मधला मार्ग नाही.

तिन्ही खोकी आम्ही जपून ठेवली आहेत. माझ्या नातीने काढलेला तो अंगठ्याचा व्हिडिओ, दुकानाची पावती, तिन्ही वेष्टनांचे फोटो, सगळं एका फाइलमध्ये लावून तयार आहे. १९१५वर माझी तक्रार गेली आहे. बहिणीची आणि विहीणबाईंची या आठवड्यात जाईल, आणि ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर ज्यांनी ज्यांनी असं खोकं घेतलंय त्यांना तक्रार भरायला मी स्वतः मदत करते आहे. आम्हा निवृत्त माणसांकडे वेळ भरपूर असतो, महाशय. तो नातवंडांबरोबर खेळण्यात घालवायचा होता. तुम्ही तो खेळ बिघडवलात, तेव्हा तूर्त तो तुमच्यावर घालवू.

— डोंबिवलीची एक आजी